ज्या निकालावर अपीलच नव्हतं

मुंबई उच्च न्यायालयातल्या ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेर लोकमान्य टिळकांचे शब्द कोरलेली एक पाटी आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते तिचं अनावरण झालं. २२ जुलै १९०८ च्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी राजद्रोहाबद्दल दोषी ठरवल्यावर टिळक या दालनात काय बोलले, हे मराठी शाळेत गेलेल्या जवळपास प्रत्येकाला ठाऊक असतं. सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड. पुढे साबरमती, मग मंडाले. तिथून आपण गोष्ट थेट ‘गीतारहस्या’वर नेतो.

मधला एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. त्यांनी अपील का केलं नाही? टिळक स्वतः एलएल.बी. होते, पुण्यात कायद्याचा वर्ग चालवत होते. खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, आणि भाषण कित्येक तास, दिवसांमागून दिवस चाललं. असा माणूस शिक्षा ऐकून गप्प बसेल का? तो गप्प बसला नाहीच. पण त्याच्यापुढची अडचण विलक्षण होती. ज्या निकालाने त्याला सहा वर्षांसाठी देशाबाहेर पाठवलं, त्या निकालावर अपील करण्याचा हक्कच कायद्यात नव्हता.

आज हे ऐकायला खोटं वाटतं. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली की वरच्या कोर्टात जायचं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की अपील ही सूर्य-चंद्रासारखी कायमचीच गोष्ट असावी, असं वाटतं. ती तशी नाही. अपिलाचा हक्क कायदा देईल तेवढाच आणि देईल त्यालाच.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांतली उच्च न्यायालयं १८६२ साली राणीच्या सनदेने सुरू झाली. त्यांना दोन चेहरे होते. एक, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सत्र न्यायालयांवरची अपिलं ऐकणारा. दुसरा, शहरात घडलेल्या मोठ्या गुन्ह्यांचे खटले ज्युरी बसवून स्वतःच चालवणारा. टिळकांचा खटला या दुसऱ्या चेहऱ्यापुढे आला, आणि तिथे दिलेल्या शिक्षेवर सनदेने अपील ठेवलेलं नव्हतं. होत्या त्या तीन अरुंद वाटा. खटला चालवणाऱ्या न्यायमूर्तींनाच एखादा कायद्याचा मुद्दा शंकास्पद वाटला, तर ते तो सहकाऱ्यांसाठी राखून ठेवू शकत. किंवा ॲडव्होकेट जनरलने दाखला द्यावा की न्यायमूर्तींची कायद्यात चूक झाली आहे. किंवा उच्च न्यायालयाने स्वतःच म्हणावं की प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे नेण्याजोगं आहे.

आता यातली गंमत बघा. पहिल्या वाटेवर पहारा त्याच न्यायमूर्तींचा, ज्यांची चूक दाखवायची आहे. दुसऱ्या वाटेवर सरकारच्या मुख्य वकिलाचा. त्याआधी १८९७ साली टिळकांवर झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात ॲडव्होकेट जनरल बॅसिल लँग हेच फिर्यादी पक्षाचे वकील होते. तिसऱ्या वाटेवर त्याच न्यायालयाचा, ज्याने शिक्षा दिली.

आणि हेच खटले पुण्याच्या सत्र न्यायालयात चालले असते तर? खटले ‘केसरी’तल्या लिखाणावरचे; ‘केसरी’ पुण्यात छापला जात होता, लेखक पुण्याचा. पुण्यात शिक्षा झाली असती, तर मुंबई उच्च न्यायालयात अपील हा आरोपीचा हक्क होता. ज्युरीने निकाल दिला असेल तर फक्त कायद्याच्या मुद्द्यांवर, पण हक्क होता. अंक मुंबईत विकला जात होता, म्हणून गुन्हा मुंबईतही घडला. १९०८ साली टिळकांना पकडलं तेही मुंबईत, सरदारगृहात. पुणे ते मुंबई एवढ्या अंतराने माणसाचा अपिलाचा हक्क नाहीसा झाला. साताऱ्याच्या सत्र न्यायालयात शिक्षा झालेल्या एखाद्या दरोडेखोराला जे मिळत होतं, ते लोकमान्यांना मिळालं नाही.

सरकारने पाताळयंत्रीपणाने हे केलं, असं लगेच वाटेल. ते सोयीचं नक्कीच होतं. पण या रचनेचं मूळ हिंदुस्थानात नव्हतं, ते इंग्लंडमध्ये होतं, आणि इथे माझं आश्चर्य दुप्पट होतं. खुद्द इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यात सर्वसाधारण अपील १९०७ पर्यंत नव्हतं! खून, दरोडा, फसवणूक, काहीही असो. ज्युरीने दोषी म्हटलं की संपलं. न्यायाधीशाने स्वतः मुद्दा राखून ठेवला तरच पुढे विचार. मुंबईची सनद ही त्याच इंग्रजी रिवाजाची नक्कल होती. उलट, हिंदुस्थानातल्या जिल्ह्यांना १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच अपील दिलेलं होतं. म्हणजे कित्येक दशकं फौजदारी अपिलाच्या बाबतीत साताऱ्याचा शेतकरी लंडनच्या नागरिकापेक्षा वरचढ होता.

इंग्लंडची झोप मोडली ती दोन माणसांमुळे. ॲडॉल्फ बेक या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाला बायकांना फसवल्याबद्दल १८९६ साली शिक्षा झाली. तो म्हणत राहिला, तो मी नव्हेच. अर्जांमागून अर्ज फेटाळले गेले. १९०४ साली तशाच गुन्ह्यात तो पुन्हा दोषी ठरला, आणि मग खरा गुन्हेगार सापडला. दुसरा जॉर्ज एडलजी, १९०३ साली गुरांना जखमी केल्याच्या आरोपाखाली सात वर्षांची शिक्षा झालेला वकील. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल त्याच्यासाठी लढले आणि १९०७ साली त्याला माफी मिळाली. या जॉर्जचे वडील शापुरजी एडलजी मुंबईचे पारशी, ख्रिस्ती होऊन विलायतेत पाद्री झालेले. मुंबईच्या एका पारशाच्या मुलावर अन्याय झाला, त्याने साऱ्या इंग्लंडला अपिलाचा हक्क मिळवून द्यायला हातभार लावला, आणि खुद्द मुंबई मात्र तशीच राहिली. लंडनचं नवं फौजदारी अपील न्यायालय पहिल्यांदा बसलं मे १९०८ मध्ये. ज्या दोन अग्रलेखांसाठी टिळकांना शिक्षा झाली, त्यातला पहिला १२ मे १९०८ चा.

पण अपिलाला नकार म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला १८९७ कडे जावं लागतं, कारण तिथे तो फार विचित्र रीतीने वाढला. पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली ती २२ जूनला. त्याआधी, १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि एक कविता आली होती, खटला त्यावर झाला. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला कायदा समजावून सांगितला. राजद्रोहाच्या कलमातल्या मुख्य शब्दाचा अर्थ त्यांनी सांगितला तो ‘प्रेमाचा अभाव’ असा. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! सहा युरोपियन आणि तीन हिंदी ज्युरी होते, निकालही सहा विरुद्ध तीन लागला. १८ महिने सक्तमजुरी.

अपील नाही, म्हणून टिळकांच्या वकिलांनी तिसरी वाट धरली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे नेण्याजोगं असल्याचं जाहीर करा, असा अर्ज उच्च न्यायालयात केला. तो ऐकायला तीन न्यायमूर्ती बसले: मुख्य न्यायमूर्ती फॅरन, कँडी, आणि खुद्द स्ट्रेची. अर्ज फेटाळला गेला, हे वेगळं सांगायला नको.

राहिली एकच आशा: थेट राणीच्या दरबारात, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढे, खास परवानगी मागायची. लंडनमध्ये टिळकांचं वकीलपत्र घेतलं हर्बर्ट हेन्री ॲस्क्विथ यांनी. हे माजी गृहमंत्री, नामांकित बॅरिस्टर. नोव्हेंबर १८९७ मध्ये त्यांनी युक्तिवाद केला, की स्ट्रेची यांनी ज्युरीला कायदाच चुकीचा सांगितला. समितीने परवानगी नाकारली.

का नाकारली, तर प्रिव्ही कौन्सिल स्वतःला फौजदारी अपिलाचं कोर्ट मानतच नव्हतं. १८८७ साली ब्रिटिश होंडुरासमधल्या डिलेट नावाच्या वकिलाच्या प्रकरणात त्यांनी नियम घालून घेतला होता: कायद्याची रीत धुडकावून किंवा नैसर्गिक न्याय मोडून घोर अन्याय झाला असेल तरच आम्ही हात घालू. नुसती चूक पुरेशी नाही. साम्राज्यभरच्या कैद्यांनी इथे यायला सुरुवात केली तर कुठल्याच वसाहतीतली शिक्षा वेळेवर अमलात येणार नाही, ही त्यामागची काळजी. माणूस निर्दोष आहे की दोषी, या प्रश्नाला ते शिवतही नव्हते.

मग या नकाराचा अर्थ काय व्हायला हवा? तर्काने पाहिलं तर फार थोडा. ‘आम्ही यात पडत नाही’ एवढाच. पण झालं भलतंच. स्ट्रेची यांच्या भाषणात चूक नाही असं लंडननेही म्हटलं, असा त्या नकाराचा बोलबाला झाला. खरं तर सरकारने १८९८ साली कलमाची भाषाच बदलली. तरी स्ट्रेची यांची व्याख्या जिवंत राहिली. पन्नास वर्षांनी, १९४७ साली, सदाशिव नारायण भालेराव यांच्या मुंबईतल्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या त्या जुन्या नकाराचा आधार घेतला आणि राजद्रोहाचा अर्थ सौम्य करू पाहणारं हिंदुस्थानच्या फेडरल कोर्टाचं मत मोडीत काढलं. ज्याचं अपील ऐकूनच घेतलं नाही, त्याच्या नावावर अर्धशतक कायदा चालला. मला या सगळ्या इतिहासात याहून चकित करणारं काही सापडत नाही. १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाला हिंसेची चिथावणी आणि सार्वजनिक अव्यवस्था यांची मर्यादा घातली, तेव्हा कुठे हे प्रकरण मिटलं.

१९०८ मध्ये सारं पुन्हा तसंच घडलं. न्यायमूर्ती दिनशा दावर, जे वकील असताना १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते, त्यांनीच या वेळी जामीन नाकारला आणि शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने प्रिव्ही कौन्सिलचा दाखला नाकारला. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांसाठी इंग्लंडला गेले. तिथेही परवानगी मिळाली नाही. तोवर ॲस्क्विथ वकिलीच्या पलीकडे गेले होते. एप्रिल १९०८ पासून ते इंग्लंडचे पंतप्रधान होते. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी त्यांनी अपिलाची परवानगी मागितली, तो त्यांच्याच राज्यात मंडालेला गेला.

१९१६ साली तिसरं प्रकरण झालं आणि ते पुण्यात झालं, म्हणून वेगळं झालं. बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्यावरच्या व्याख्यानांबद्दल पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका मागितला. हा आदेश खालच्या कोर्टाचा, त्यामुळे उच्च न्यायालयाला तो तपासता येत होता. बॅरिस्टर जिना उभे राहिले, न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी भाषणं वाचली आणि नोव्हेंबरमध्ये आदेश रद्द केला. आरोपी तोच, मतं तीच. कुणी तरी वरच्या माणसाने कागद उघडून वाचले, एवढाच काय तो फरक.

अपील बंद करण्याची युक्ती सरकारला पुढेही आवडत राहिली. १९३० साली लाहोर कटाच्या खटल्यासाठी वटहुकुमाने खास न्यायाधिकरण नेमलं आणि उच्च न्यायालयाचा रस्ताच काढून टाकला. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे शिवराम राजगुरू यांच्यापुढे पुन्हा एकटं प्रिव्ही कौन्सिल उरलं. फेब्रुवारी १९३१ मध्ये तिथूनही नकार आला, २३ मार्चला फाशी झाली.

मुंबई उच्च न्यायालयात ज्युरीपुढे शिक्षा झालेल्यांना अपिलाचा हक्क मिळाला तो १९४३ साली, संहितेत एक नवं कलम घालून. इंग्लंडनंतर ३६ वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर प्रिव्ही कौन्सिल गेलं, पण त्याची सवय गेली नाही. राज्यघटनेच्या १३६ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाकडे जी खास परवानगी मागतात, ती त्याच जुन्या परवानगीची वारस. १९५० सालीच न्यायालयाने सांगून टाकलं, की ही सत्ता जपून आणि अपवादानेच वापरली जाईल. आज तिथे अशा अर्जांचा ढीग असतो, आणि पुष्कळांचं भवितव्य काही मिनिटांत ठरतं. ‘सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली’ अशी बातमी मग छापून येते. ती बऱ्याचदा चुकीची असते. कारण न देता असा अर्ज फेटाळला, तर सर्वोच्च न्यायालयाने खालच्या निकालावर शिक्कामोर्तब केलं असं मुळीच होत नाही. अपिलाची परवानगी दिली नाही, एवढंच होतं. २००० सालच्या कुन्हायम्मद खटल्यात हे न्यायालयाने नीट उलगडून सांगितलं. १८९७ च्या नकाराचं जे झालं, ते आता कायद्याने होऊ शकत नाही.

उच्च न्यायालयाचं मात्र वेगळं. तिथे पहिलं अपील हा हक्क आहे. तरीही ते दाखल करून न घेता पहिल्याच सुनावणीत फेटाळण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे, आणि ही मुभा वापरण्यात एके काळी मुंबईचा हात सढळ होता. आदेश एका शब्दाचा असे: डिसमिस्ड. जन्मठेपेच्या कैद्यासाठीही तेवढंच. १९५३ साली मुश्ताक हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की वाद घालण्याजोगा मुद्दा असेल तर अपील असं झटकून टाकू नका; टाकलंच तर तुम्हाला काय वाटलं ते थोडं तरी लिहा, नाहीतर वर आल्यावर आम्ही काय वाचायचं? मुंबईने ऐकलं असं म्हणवत नाही, कारण १९७० च्या आसपास महाराष्ट्रातूनच आलेल्या एकापाठोपाठ एक प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं.

आणि कायद्याच्या पुस्तकातली खोच अशी: सत्र न्यायालयाने अपील असं फेटाळलं तर कारणं लिहिणं सक्तीचं आहे, असं संहिता स्पष्ट म्हणते. उच्च न्यायालयाबद्दल ती गप्प आहे. १९७३ च्या संहितेत हे ३८४ वं कलम होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४२५ वं. उच्च न्यायालयावरचं बंधन आलंय ते सर्वोच्च न्यायालयाच्या वारंवारच्या कानउघाडणीतून. माझ्या मते ते कलमातच लिहायला हवं होतं. नवी संहिता करताना संधी होती, ती दवडली.

शेवटचं प्रकरणही महाराष्ट्रातलंच. होस्कोट नावाच्या एका प्राध्यापकाला, विद्यापीठाचा खोटा शिक्का बनवून घेण्याच्या प्रयत्नाबद्दल, सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची नाममात्र कैद दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ साली ती तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयात तो पोचला चार वर्षं उशिरा. निकालाची प्रतच हाती आली नाही, असं त्याचं म्हणणं. दिली होती, असं तुरुंगाचं. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला. पण फेटाळता फेटाळता सांगितलं, की शिक्षा झालेल्याला निदान एक अपील मिळणं हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग आहे, आणि प्रत व वकील नसेल तर त्या अपिलाला अर्थ उरत नाही. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळालीच पाहिजे, तुरुंगाने ती दिल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर सरकारने वकील दिला पाहिजे. स्वतः होस्कोटला काहीच मिळालं नाही. त्याच्यानंतरच्या प्रत्येक कैद्याला मिळालं.

म्हणून ओळखीपाळखीत कुणावर अशी वेळ आली, तर पहिला प्रश्न निकालाच्या प्रतीचा विचारा. कैदेची शिक्षा झालेल्याला ती तिथल्या तिथे, पैसे न घेता मिळायला हवी. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची, सत्र न्यायालयात तीस. फाशीची शिक्षा असेल तर उच्च न्यायालयातही तीसच. वकील नसेल तर कैद्याने अर्ज तुरुंग अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा, तो पुढे पाठवणं ही त्याची जबाबदारी. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. आणि मुदत टळून गेली असेल, तरी उशिराचं खरं कारण लिहून विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत जोडता येतो.